बॉरो-लेंड, रॉब-स्टील, शेड-शॅडो... पोरांच्या डोक्यात हे बसवायचं कसं?

विटेकर_मास्तर (विटा)

राम राम मंडळी. विट्यात संध्याकाळी इंग्रजीचा छोटा क्लास घेतो. पोरं खानापूर, आटपाडी, कडेगाव भागातली, दिवसभर कोण रानात कोण दुकानात कामाला आणि संध्याकाळी भरतीचा अभ्यास. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते त्यामुळं इंग्रजी सोडून चालत नाही हे सगळ्यांना कळलंय.

आता अडचण सांगतो. स्पेलिंगचा घोळ, म्हणजे स्टेशनरीत ए लिहायचा का ई, तो पाठ करून निभतो, त्याचं मला काय नाही. पण ज्या शब्दांचे अर्थ एकमेकाला लागून आहेत तिथं घोडं पेंड खातंय. लेंड-बॉरो, हिअर-लिसन, सी-लुक-वॉच, से-टेल, रॉब-स्टील, हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल असले. गाईडमधल्या जोड्या पोरांच्या तोंडपाठ आहेत. लेंड म्हणजे उसने देणे, बॉरो म्हणजे उसने घेणे, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतील. आणि वाक्य करा म्हटलं की फळ्यावर काय येतं तर 'कॅन यू बॉरो मी युवर पेन'. ये रे माझ्या मागल्या.

तर विचारायचं एवढंच की पाठांतर सोडून दुसरी काय वाट आहे का? कुणी शिकवत असेल किंवा कामात रोज इंग्रजी लिहावं लागत असेल तर सांगा की. पुस्तकी व्याख्या नकोत, त्या माझ्याकडं पोतंभर आहेत.

घाटमाथा (सातारा)

रोज इंग्रजी पेपर वाचायला लावा सर. आपोआप जमतं.

विटेकर_मास्तर

दादा दिवसभर द्राक्षबागेत फवारा मारून आलेल्या पोराला अग्रलेख वाचायला लावू का? दुसरं काय तरी सांगा.

कोयनाकाठ (कराड)

मास्तर, मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता घरी भाषांतराची कामं करते. माझं म्हणणं असं की पोरं चुकतात ती इंग्रजीत नाही, मराठीत. म्हणजे मराठीतला जो शब्द ती मनात धरतात तोच ढगळ असतो, त्याच्यात दोन इंग्रजी शब्द एकदम मावतात. मग कुठला तरी एक उचलायचा, लागला तर लागला. तुम्ही मराठीच जरा नेमकी करून घ्या, निम्मं काम तिथंच होतं.

उसनं घ्या. देणाऱ्याचंही उसनं आणि घेणाऱ्याचंही उसनं, म्हणून पोरांचं लक्ष उसन्यावर जातं आणि देणं-घेणं निसटतं. त्यांना सांगा उसनं विसरा. गिव्ह बसतंय तिथं लेंड, टेक बसतंय तिथं बॉरो. 'गिव्ह मी युवर पेन' म्हणता येतं ना, मग 'लेंड मी युवर पेन'. 'टेक मी युवर पेन' कुणी म्हणत नाही, मग 'बॉरो मी' पण नाही. गिव्हच्या मागं टू येतो तसा लेंडच्या मागं टू, टेकच्या मागं फ्रॉम तसा बॉरोच्या मागं फ्रॉम. आणि उदाहरण पेनाचं कशाला देताय, साताऱ्याला २०२४ च्या जुलैत वाघनखं आली ना संग्रहालयात, त्याचं द्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं ती तीन वर्षांसाठी लेंड केली, महाराष्ट्रानं बॉरो केली. एकच व्यवहार, दोन टोकं. कोण कुठल्या टोकाला उभा आहे ते पोरगं बरोबर सांगेल, बघून आलेली असतील त्यातली काही.

आता हिअर-लिसन. गाईडमध्ये दोन्हीला 'ऐकणे' छापलेलं असतं, तिथंच वाट लागते. आपल्या बोलण्यात हा फरक मुळातच आहे, 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं'. शेजारच्या लग्नाचा डॉल्बी मला ऐकू येतो, मी तो ऐकत नसते. ऐकू येणं ते हिअर, ऐकणं ते लिसन. तसंच दिसणं ते सी, बघणं ते लुक, आणि बघत बसणं ते वॉच, म्हणजे क्रिकेट, टीव्ही, हलतं काहीतरी. सापडणं ते फाइंड आणि शोधणं ते सर्च. बघा, एका बाजूला सगळं आपोआप होणारं, ज्यात आपण 'मला' म्हणतो, मला दिसलं मला ऐकू आलं मला सापडलं, आणि दुसऱ्या बाजूला मुद्दाम करायचं, ज्यात 'मी' म्हणतो. गाईडवाल्यांना हे का दिसत नाही देव जाणे.

ह्याचाच अजून एक फायदा. फोनवर आपल्याकडची माणसं सर्रास 'आय ॲम नॉट हिअरिंग यू' म्हणतात. हिअर आपोआप होणारं आहे, त्याला असं चालू क्रियेचं आयएनजी सहसा लागत नाही, 'आय कान्ट हिअर यू'. पण 'आय ॲम लिसनिंग' चालतं कारण ते आपण करतोय. मला-मी लक्षात राहिलं की हे पण त्यातनंच सुटतं.

से-टेल-स्पीकला तर मराठीत तीन तयार शब्द आहेत, म्हणणं, सांगणं, बोलणं. सांगायला समोर माणूस लागतो, टेललाही लागतो, टेल मी, टेल हिम. 'ही सेड मी' चूक, कारण 'तो मला म्हणाला' मधला 'मला' इंग्रजीत टू घेऊन येतो. एकच खड्डा लक्षात ठेवायला सांगा, खोटं आपण बोलतो पण इंग्रजीत ते टेल करतात, टेल अ लाय. परीक्षावाल्यांचं हे फार लाडकं आहे.

उलटं पण असतं म्हणा. चुलत, मामे, आत्ये, मावस सगळ्यांना मिळून इंग्रजीत एकटा कझिन. तिथं ते ढगळ.

कोर्टाची_पायरी (सांगली)

रॉब-स्टीलवर मी बोलतो, आमचा रोजचाच धंदा आहे हा, वकिलाकडं कारकून आहे. आणि स्टील म्हणजे भांड्याचं नव्हे, आधीच सांगतो.

स्टीलच्या पुढं चोरलेली वस्तू येते, रॉबच्या पुढं ज्याला लुटलं तो माणूस नाहीतर जागा. मोबाईल स्टील केला. म्हातारीला रॉब केलं, बँक रॉब केली. काय नेलं ते सांगायचं असेल तर ऑफ लावायचा, 'दे रॉब्ड हर ऑफ हर चेन'. 'माय पर्स वॉज रॉब्ड' असं अर्जात लिहून आणतात लोक, पर्सला कोण लुटणार?

पण खरी मजा कायद्यात आहे, तिथं हे शब्द ढिले ठेवून चालत नाही. साधी चोरी ती थेफ्ट, मालकाच्या संमतीशिवाय उचलली. कुलूप तोडून घरात शिरला की घरफोडी, हाउसब्रेकिंग. चोरी करताना मारहाण केली किंवा चाकू दाखवून भीती घातली की ती जबरी चोरी, म्हणजे रॉबरी. आणि हेच पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केलं की दरोडा, कायद्यातला शब्द डकॉयटी, जो आपल्या डकैतीवरनंच इंग्रजीत गेलाय. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात थेफ्ट ३०३, रॉबरी ३०९, डकॉयटी ३१०. मध्ये ३०४ ला स्नॅचिंग म्हणून नवीन कलम घातलंय, गळ्यातलं हिसडा मारून पळवतात ना, ते. आधी त्याला वेगळं नाव नव्हतं.

पोरांना असं सांगा की गाडीच्या डिकीतनं बॅग गेली आणि तुम्ही चहा पीत होता, थेफ्ट. तुमच्या हातातनं चाकू दाखवून घेतली, रॉबरी. परत विसरणार नाहीत.

माणदेशी_बाभळ (दहिवडी)

कोयनाकाठ ताईंचं बरंचसं पटलं पण पूर्ण नाही. मराठीत जोडी सापडते तिथवर ठीक. जिथं मराठीत दुसरा शब्दच नाही किंवा असून आपण वापरत नाही तिथं काय करणार? आणि कारकूनसाहेब, 'रॉब म्हणजे लुटणं' एवढंच पोरांनी धरलं तर परत फसतील कारण पेपरात रोज छापून येतं 'दीड लाखाचे दागिने लुटले'. मराठीत दागिनेपण लुटतात. म्हणजे मराठीच्या काठीवर सगळा भार टाकू नका.

माझं उदाहरण घ्या. सावली. झाडाच्या सावलीला बसलो ती शेड, आणि माझी सावली जमिनीवर पडली ती शॅडो. मराठीत दोन्ही सावलीच. पडछाया म्हणून शब्द आहे पण तो बोलतंय कोण? इथं पोराला उन्हात उभं करूनच सांगावं लागतं. शेड म्हणजे ऊन नसलेली जागा, तिला आकार नसतो, तिच्यात बसता येतं. शॅडोला आकार असतो, कशाची तरी असते, कडा दिसतात. गंमत म्हणजे इंग्रजीतपण हे दोन्ही एकाच जुन्या शब्दातनं निघालेत, त्याच शब्दाची वाक्यात वेगवेगळी रूपं व्हायची (आपल्या घर-घराला सारखी), एका रूपाचा शेड झाला आणि दुसऱ्याचा शॅडो. म्हणजे त्यांचंही आधी एकच होतं.

आमचा माण-खटाव भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून असतो, रेन शॅडो. रेन शेड का नाही? कारण सह्याद्रीनं अडवल्यामुळं पावसाविना राहिलेला हा ठरावीक पट्टा आहे, डोंगराच्या पाठीमागं पडलेली त्याची आकृती. तिकडं महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडं जेमतेम पाचशे. शेड म्हणजे गारवा, आमच्याकडं कसला आलाय गारवा.

त्यावरनं आठवलं, वेदर आणि क्लायमेट. दोन्हीला आपण हवामान म्हणून मोकळं. आज आभाळ आलंय, उद्या गारपीट होईल, हे वेदर. क्लायमेट म्हणजे त्या जागेचा बऱ्याच वर्षांचा स्वभाव, जागतिक हवामान संघटना साधारण ३० वर्षांची सरासरी धरते. माणमध्ये एखाद्या ऑक्टोबरात ओढा गाडी वाहून नेईल एवढा येतो, ते त्या दिवसाचं वेदर. क्लायमेट कोरडं ते कोरडंच. दर उन्हाळ्यात 'क्लायमेट खूप गरम आहे आज' म्हणणारी माणसं भेटतात, त्यांना 'आज' आणि 'क्लायमेट' एका वाक्यात बसत नाहीत एवढं सांगितलं तरी पुरे.

कोयनाकाठ

बाभळदादा दागिन्यांचा मुद्दा एकदम मान्य, बातम्यांची भाषा तशीच असते. पण वेदरला मराठीत शब्द आहे की, हवा. 'आज हवा कशी आहे' आपण म्हणतोच. हवा ते वेदर, हवामान ते क्लायमेट असं धरलं तर चालतंय. फक्त हवामान खात्यानं घोळ करून ठेवलाय, ते सांगतं रोजची हवा आणि नाव घेतं हवामानाचं.

सावलीचं मात्र मला काही सुचत नाही, उन्हात उभं करणंच बरं.

वॉर्ड_नंबर_चार (मिरज)

मिरजेत दवाखान्यात केसपेपर लिहायला आहे. पेशंट निम्मे कर्नाटकातनं येतात, निम्मे आपल्या भागातले, आणि सगळ्यांचा 'पाय' दुखत असतो. कानडीतपण कालु म्हणजे कमरेपासनं खाली पूर्णच. इंग्रजीत लिहिताना मात्र ठरवावं लागतं. घोट्याच्या खाली फूट, वर लेग. त्यातपण डॉक्टर मंडळींचं अजून बारीक, त्यांच्या शरीरशास्त्रात लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, मांडी वेगळी, ती थाय. हाताचं तसंच, मनगटाच्या पुढं हँड, वरचा आर्म, आणि शरीरशास्त्रात तर आर्म फक्त खांदा ते कोपर, त्याच्या खालचा फोरआर्म. बोटाचं सगळ्यात वाईट, हाताचं बोट फिंगर आणि पायाचं टो, आणि आपल्याकडं दोन्ही बोटंच. 'बोटाला लागलंय' म्हणून फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, हाताच्या का पायाच्या? एक्सरेच्या चिठ्ठीवर चुकीचं गेलं तर पेशंट चपला काढून टेबलावर चढलेला असतो आणि टेक्निशियन म्हणतोय हात ठेवा.

अजून एक जोडी, साइन आणि सिम्प्टम. दोन्हीला लक्षण. पेशंट सांगतो ते सिम्प्टम, डॉक्टरला तपासून मिळतं ते साइन. 'अंगात कणकण वाटतेय, गरगरतंय' हे सिम्प्टम, आपण मोजू शकत नाही, त्याच्या तोंडनंच कळणार. थर्मामीटरला १०२ आला, बीपी ९० वर ६० लागला, हे साइन. केसपेपरला दोन्हीचे रकाने वेगळे असतात ते काय उगाच नाही.

आणि विष. मास्तर तुमच्या जिल्ह्यातलं शिराळा आहे, नागपंचमीचं, तेव्हा पोरांना हे आवडेल. विषारी साप व्हेनमस असतो, पॉयझनस नाही. व्हेनम म्हणजे दातातनं किंवा नांगीतनं अंगात टोचलं जाणारं. पॉयझन म्हणजे पोटातनं, श्वासातनं, कातडीतनं जाणारं. फवारणीचं औषध पोटात गेलं तर आम्ही पॉयझनिंग लिहितो, नाग चावला तर स्नेक बाइट, आणि उपचार पण दोन्हीचे वेगळेच. त्या इंजेक्शनचं नाव बघा, अँटीव्हेनम, अँटीपॉयझन नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर ते एकच चालतं. मराठीत विषारी साप आणि विषारी औषध दोन्ही बरोबर, पण इंग्रजी पेपरात 'पॉयझनस स्नेक' अधोरेखित करून आलं की सोडू नका. तसे साधे इंग्रजी बोलणारे लोकपण पॉयझनस स्नेक म्हणून जातात, प्रश्न काढणारा मात्र म्हणू देत नाही.

उसाचा_ट्रक (इस्लामपूर)

आमचं इंग्रजी म्हणजे बिल्टीपुरतं (ट्रकमधल्या मालाची पावती), पण एक जोडी नाही अख्खी टोळी देतो. भाडं. एसटीचं भाडं फेअर. खोलीचं भाडं रेंट. ट्रॅक्टर, जेसीबी दिवसावर लावला तर हायर चार्जेस. माझ्या ट्रकचं मालाचं भाडं ते फ्रेट. माणूस बसला तर फेअर आणि माल चढला तर फ्रेट एवढं धरा. तासवडे, आनेवाडीला देतो तो टोल, ते भाडं नाही, शिव्या दिल्या तरी नाही.

किंमतीचं असंच. उसाच्या एफआरपी (फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस) मधला पी म्हणजे प्राइस, कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा दर. बेणं, खत, पाणी, मशागत ह्यात शेतकऱ्याचा जातो तो कॉस्ट. घेणाऱ्यानं मोजली ती प्राइस, करणाऱ्याला पडली ती कॉस्ट. मराठीत 'खर्च' म्हटलं की कॉस्ट सुटतो. व्हॅल्यू म्हणजे मोल, ते प्राइसपेक्षा कमी पण असतं जास्त पण.

आणि एक प्रश्न माझा पण आहे. कारखान्यातनं इथेनॉलचे टँकर निघतात, कुणाच्या पाठीवर हायली फ्लेमेबल असतं कुणाच्या हायली इन्फ्लेमेबल. क्लीनर मला विचारतो मालक हा पेटणारा आणि तो न पेटणारा का? काय सांगू?

कोयनाकाठ

त्याला आधी सांगा दोन्हीपासनं बिडी लांब ठेव. दोन्हीचा अर्थ एकच, पटकन पेटणारं. 'इन' लागला की उलटा अर्थ होतो असं आपण कम्प्लीट-इनकम्प्लीट बघून धरतो, पण इथला इन नकाराचा नाही, तो 'आत' वाला आहे, लॅटिनमधनं आलेला, पेट घेणं ह्या अर्थाच्या शब्दातला. लोकांचा तुमच्या क्लीनरसारखाच समज होतो म्हणून अमेरिकेत १९२० च्या दशकात आगीपासून संरक्षणाचं काम करणाऱ्यांनी इन काढून फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल. मास्तर, ही एकच जोडी अशी की जिच्यात फरक नाही हेच लक्षात ठेवायचं.

कृष्णेचा_गाळ (सांगलीवाडी)

धोका राहिला की. रिस्क, डेंजर, हॅझर्ड तिन्हीला धोका. आम्ही पुराच्या काठावरची माणसं, २००५ बघितला, २०१९ बघितला, २०२१ बघितला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, तो डेंजर लेव्हल. नदीला पूर येणं हा हॅझर्ड, तो येतोच, त्याला तुमच्या घराशी देणंघेणं नाही. तुमचं घर पूररेषेत आहे का, एकमजली आहे का, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे का, ह्यावर ठरते ती रिस्क. त्याच नदीची, त्याच दिवशी, विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्याला रिस्क कमी आणि माझ्या दारात जास्त. मराठीत जोखीम म्हणा रिस्कला. सरकारी कागदात तसं असतं, पण पूर आल्यावर जोखीम म्हणत कोण बसत नाही, म्हशी सोडा म्हणतात.

बाकी सतत. कंटिन्युअस म्हणजे खंड नाही. कंटिन्युअल म्हणजे परत परत, मध्ये थांबून. नदीचं पाणी कंटिन्युअस वाहतं, पुराच्या आठवड्यात आमची लाईट कंटिन्युअली जाते. घडीघडीला म्हणता येईल तिथं कंटिन्युअल.

विटेकर_मास्तर

वा! एवढं येईल वाटलं नव्हतं. काल क्लासला कोयनाकाठ ताईंचं मला-मी करून बघितलं, फळ्यावर दोन रकाने पाडले आणि पोरांनाच शब्द टाकायला लावले. दिसणं-बघणं झालं, सापडणं-शोधणं झालं, मग एकानं स्वतःहून विचारलं की सर आठवणं आणि आठवण करून देणं, रिमेंबर आणि रिमाइंड, हे पण तसंच का? म्हटलं तसंच. फक्त 'शोध लावला' ला गाडी अडली. पेनिसिलिनचा शोध लावला आणि टेलिफोनचा शोध लावला. मी सांगितलं की आधीपासनं होतं, फक्त माणसाला माहीत झालं ते डिस्कव्हर, आणि नव्हतंच, माणसानं बनवलं ते इनव्हेंट. फ्लेमिंगनं १९२८ ला बुरशी तयार केली नाही, तिचा गुण त्याच्या ध्यानात आला. बेलच्या १८७६ च्या पेटंटआधी तसला टेलिफोन झाडाला लागत नव्हता. इथं बाभळदादांचं बरोबर, मराठी काय मदत करत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल आणि फ्यूअर-लेस. आणि दिवसाआडचं काय, अल्टरनेट का अल्टरनेटिव्ह?

माणदेशी_बाभळ

तिसरं आधी. दिवसाआड पाणी येतं ते अल्टरनेट डेज, एक सोडून एक. रस्ता बंद, पर्यायी मार्ग वापरा, तो अल्टरनेटिव्ह. अमेरिकेत पर्यायी रस्त्यालाही अल्टरनेट रूट म्हणतात, पण आपल्या परीक्षा ब्रिटिश वळणाच्या, वेगळं धरा.

हिस्टॉरिक म्हणजे इतिहास घडवणारं, हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासातलं, मोठं असो का बारकं. १७०८ ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, हिस्टॉरिक इव्हेंट. त्याच काळातली कुठल्यातरी गावच्या सारावसुलीची मोडीतली यादी सापडली, हिस्टॉरिकल डॉक्युमेंट. आपल्याकडं सभेत सगळंच 'ऐतिहासिक' असतं, गटाराच्या भूमिपूजनापासनं, त्यामुळं ह्या जोडीला मराठीची मदत घेऊच नका. इकॉनॉमिक-इकॉनॉमिकलला घेता येते, आर्थिक आणि काटकसरीचं.

कोयनाकाठ

फ्यूअर-लेस सोपं आहे, मोजता येतं तिथं फ्यूअर, ओतता येतं तिथं लेस. फ्यूअर स्टुडंट्स, लेस वॉटर. ह्याच्यावर भांडणारे खूप आहेत पण हा नियम फार जुना नाही, १७७० ला रॉबर्ट बेकर नावाच्या माणसानं आपली आवड म्हणून लिहिलं की मोजायच्या गोष्टींना फ्यूअर बरं वाटतं. त्याच्या आधी कित्येक शतकं लोक सरसकट लेस म्हणतच होते. मागनं त्याच्या आवडीचा कायदा झाला. परीक्षेत कायदा पाळायचा. फक्त अंतर, पैसे, वेळ ह्यांना आकडा असला तरी लेसच, लेस दॅन टेन किलोमीटर्स, लेस दॅन हंड्रेड रुपीज, कारण तिथं आपण दहा वेगवेगळ्या वस्तू मोजत नाही, एकच लांबी धरतो.

डिनाय-रिफ्यूज पण घ्या मास्तर, येतंच ते. 'मी हे केलंच नाही' ते डिनाय, 'मी हे करणार नाही' ते रिफ्यूज. आरोप डिनाय करायचा, लाच रिफ्यूज करायची. परवानगी नाकारली असेल तर दोन्ही चालतात.

विटेकर_मास्तर

ओतता येतं हे फळ्यावर लिहूनच ठेवतो. कारकूनसाहेब, तुमच्या चोरी-दरोड्यावर मात्र क्लास तासभर पुढं सरकला नाही. मागच्या बाकावरचं एक पोरगं आहे, त्यानं विचारलं सर चौघांनी आत जाऊन लुटलं आणि पाचवा बाहेर गाडी चालू करून बसलाय, त्यानं कशाला हात लावला नाही. मग रॉबरी का डकॉयटी? मी म्हटलं विचारून सांगतो.

कोर्टाची_पायरी

डकॉयटी. लुटणारे आणि त्या वेळी तिथं हजर राहून मदत करणारे सगळे मिळून पाच भरले की झालं, कलमात तसं स्पष्ट आहे. गाडी चालू ठेवून बसणं ही मदतच. बाहेरचा धरून चारच असते तर मग रॉबरी. पोरगं तलाठी होण्यापेक्षा लॉ ला घाला म्हणावं.